पडद्याची बाराखडी

मराठी आणि तमिळ या दोन भाषांच्या ऋणानुबंधाचा विषय निघाला, की आपले मन सहजच तंजावरकडे वळते. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तेथे मराठी राज्य स्थापन केले आणि १८५५ पर्यंत ते टिकले. त्या दरबाराच्या आश्रयाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढले. महाराष्ट्राचे कीर्तन तमिळ भूमीत जाऊन 'कथाकालक्षेपम्' या रूपाने रुजले. हा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. पण याच दोन प्रदेशांत विसाव्या शतकात आणखी एक देवाणघेवाण झाली, आणि तिचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. कॅमेऱ्याने अर्थ कसा सांगावा, या विद्येची ती देवाणघेवाण होय. पुणे, कोल्हापूर आणि मद्रास, म्हणजे आजचे चेन्नई, या तीन शहरांतून ही विद्या कशी फिरली, ती कोणी कोणाला कशी शिकविली, आणि शिकविताना तिचा कोणता भाग मागे राहिला, हे आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम या विद्येचे स्वरूप पाहू. चित्रपटाची कथा आपल्यापुढे तुकड्यातुकड्यांनी येते. कॅमेरा एकदा चालू केल्यापासून बंद करीपर्यंत जे चित्र टिपले जाते, त्या तुकड्याला शॉट म्हणतात. माणूस भोवतालच्या परिसरासह लांबून दाखविला, तर तो दूरचा शॉट. त्याचा चेहराच पडदाभर दाखविला, तर तो क्लोज-अप. कॅमेरा खाली ठेवून वर पाहिले, की समोरचा माणूस उंच आणि बलाढ्य भासतो. वरून खाली पाहिले, की तोच माणूस लहान, कधी कधी केविलवाणा वाटतो. कॅमेरा पात्राबरोबर चालू लागला, की आपणही त्याच्या संगतीने चालू लागतो. इथवरची बाराखडी कोणत्याही विद्यार्थ्याला एका दिवसात पाठ करता येईल. अडचण त्यापुढे सुरू होते. दूरच्या शॉटचा अर्थ नेहमी एकाकीपणा असाच असत नाही. रणांगणावर तोच शॉट वैभव सांगतो आणि रिकाम्या अंगणात विरह सांगतो. अक्षर तेच राहते. शेजार बदलला, की शब्द बदलतो.

मॉस्को येथे १९१९ साली चित्रपटाचे शिक्षण देणारी शाळा निघाली. तेथील शिक्षक लेव्ह कुलेशोव्ह यांचा एक प्रयोग पुढे जगभर सांगितला गेला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यांनी तीन ठिकाणी वापरला. एकदा त्याच्या जोडीला रशाचे भांडे ठेवले, एकदा शवपेटी आणि एकदा एक सुंदर स्त्री. पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यात आळीपाळीने भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. सरकारी कचेरीत ज्यांनी आयुष्य घालविले आहे, त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही. अर्ज तोच असतो. पण नस्तीत तो कोणत्या पत्राखाली लावला आहे आणि त्याच्या आधी कोणती टिप्पणी चढली आहे, यावर वाचणाऱ्या अधिकाऱ्याचे मत पुष्कळदा बनून जाते. कागद जोडणाऱ्याच्या हाती जी सत्ता असते, तीच शॉट जोडणाऱ्याच्या हाती असते.

आपल्याकडे ही विद्या कशी उतरली, हे एकाच कथेच्या तीन रूपांवरून चांगले कळते. ती कथा कीचकवधाची. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. कीचकाच्या आडून लॉर्ड कर्झन बोलतो आहे, हे प्रेक्षकांनी संवादांवरून ओळखले. ते सरकारनेही ओळखले, आणि १९१० साली नाटकावर बंदी आली. तेथे अर्थ शब्दांत होता. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मद्रासमध्ये आर. नटराज मुदलियार यांनी 'कीचकवधम्' हा मूकपट काढला. दक्षिण भारतातील पहिला कथापट म्हणून तो ओळखला जातो. आणि १९२० साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी हीच कथा 'सैरंध्री' या नावाने पडद्यावर आणली. मधूनमधून येणाऱ्या लेखी पाट्या सोडल्या, तर या दोघांच्या हाती शब्द नव्हता. कीचकाची वासना, द्रौपदीचे भय आणि भीमाचा क्रोध हे सारे चित्रातूनच सांगावे लागले. 'सैरंध्री'तील वधाचे दृश्य तर इतके भयंकर उतरले, की सेन्सॉरच्या रोषाला ते कारण झाले. शब्दावाचून चित्र किती बोलू शकते, हे राज्यकर्त्यांनाही त्यामुळे उमगले असावे.

मुदलियार हे मूळचे मोटारींच्या व्यवसायातले. दादासाहेब फाळके यांचे चित्रपट पाहून त्यांना या कलेचे वेड लागले. परंतु शिकवणार कोण? त्या वेळी पुण्यात स्टुअर्ट स्मिथ नावाचा एक इंग्रज छायालेखक काम करीत होता. त्याच्याकडून मुदलियारांनी कॅमेरा चालविण्याचे ज्ञान मिळविले. दक्षिणेच्या या पहिल्या चित्रपटकाराने आपला पहिला धडा असा पुण्यात गिरविला. हा धडा मुख्यतः हाताचा होता. त्या काळी कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरवावी लागे; तिचा वेग सारखा राखणे आणि उन्हाचा अंदाज घेणे, एवढे साधले तरी पुष्कळ होते. चित्र दिसले पाहिजे, ही पहिली गरज. चित्राने काय सांगावे, हा प्रश्न त्यानंतरचा.

तो प्रश्न कोल्हापुरात विचारला गेला, याचे कारण तेथील गुरू चित्रकार होता. नाटकांचे पडदे रंगवून बाबूराव पेंटरांची दृष्टी तयार झालेली होती. कॅमेरा हवा होता, तेव्हा सहकाऱ्यांच्या साह्याने त्यांनी तो स्वतःच घडविला. दृश्ये आधी कागदावर रेखाटावीत आणि मग चित्रित करावीत, ही त्यांची रीत होती. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत दामले, फत्तेलाल, शांताराम अशी मंडळी तयार झाली. तेथे वर्ग नव्हता, पाठ्यपुस्तक नव्हते, परीक्षाही नव्हती. गुरू काम करीत असे आणि शिष्य ते पाहत असत, ही आपल्याकडच्या गवयांची आणि सुतारांची जुनी शिक्षणपद्धती. १९२५ साली आलेल्या 'सावकारी पाश'मध्ये काळोखात बुडालेली एक झोपडी आणि रडणारे कुत्रे असे एक दृश्य होते. ज्यांनी ते पाहिले, त्यांच्या स्मरणात ते वर्षानुवर्षे राहिले. शेतकऱ्याच्या घरावर कोसळलेले संकट पाटीवर लिहून सांगण्याची गरजच उरली नाही.

त्या चित्रपटात तरुण शेतकऱ्याचे काम करणारे शांताराम पुढे 'प्रभात'चे दिग्दर्शक झाले. त्यांच्या १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये, दूरची वस्तू जवळ ओढून घेणाऱ्या टेलिफोटो भिंगाचा उपयोग करून राजगुरूचा डोळा पडदाभर दाखविला आहे. हिंदी आवृत्तीतील चंद्रमोहन यांचा तो डोळा विसरणे कठीण आहे. धर्मांधतेची भीती सांगण्यासाठी शांतारामांना लांबलचक भाषण लागले नाही. गुरूने शिष्याला उजेड आणि अंधार यांचा अर्थ शिकविला होता. शिष्याने त्यात अंतराच्या अर्थाची भर घातली.

आता पुन्हा मद्रासकडे वळू. बोलपट आला तेव्हा मद्रासमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असलेला स्टुडिओ नव्हता. १९३१ साली प्रदर्शित झालेला पहिला तमिळ बोलपट 'कालिदास' हा मुंबईच्या इंपीरियल कंपनीत तयार झाला. १९३४ साली ए. नारायणन यांनी मद्रासमध्ये श्रीनिवास सिनेटोन हा स्टुडिओ उभारला, तोपर्यंत तमिळ मंडळींना मुंबई, कलकत्ता, कोल्हापूर, पुणे येथे जावे लागे. ही गैरसोयच होती. पण त्या गैरसोयीतून एक लाभ झाला. मद्रासमध्ये 'साउंड अँड शॅडो' नावाचे चित्रपटविषयक इंग्रजी नियतकालिक चालविणारे तीन तरुण होते : मुरुगदास, के. रामनाथ आणि ए. के. शेखर. 'प्रभात'ने 'सीताकल्याणम्' हा तमिळ बोलपट काढावयाचे ठरविले. त्याचे दिग्दर्शन आपल्या बाबूराव पेंढारकरांनी केले, आणि त्या निमित्ताने मद्रासच्या या तरुणांचा 'प्रभात'च्या कारखान्याशी संबंध आला. परत जाऊन त्यांनी वेल पिक्चर्स या संस्थेत काम सुरू केले. रामनाथ हे तमिळ पडद्यावरील थोर छायालेखक आणि पुढे दिग्दर्शक म्हणून गाजले. शेखर कलादिग्दर्शक म्हणून. कोल्हापुरात बाबूरावांच्या हाताखाली जी दृष्टी घडली, तिची एक फांदी अशी मद्रासच्या मातीत लागली.

दुसरी फांदी फार दुरून आली. एलिस डंगन हा अमेरिकन तरुण कॅलिफोर्नियातील विद्यापीठात चित्रपटाचे शिक्षण घेऊन १९३५ साली भारतात आला आणि १५ वर्षे येथेच राहिला. त्याला तमिळ येत नव्हते, तरी 'सती लीलावती' (१९३६), 'अंबिकापती' (१९३७), 'शकुंतलै' (१९४०) आणि 'मीरा' (१९४५) हे तमिळ चित्रपट त्याने दिग्दर्शित केले. भाषा न येणे हे दिग्दर्शकाचे व्यंगच. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम झाला. त्या काळचा तमिळ बोलपट, आपल्या बोलपटाप्रमाणेच, संगीत नाटकाच्या प्रभावाखाली होता. पहिल्या रांगेतील प्रेक्षकाच्या जागी कॅमेरा ठेवावा आणि पात्रांनी समोर येऊन गावे, अशी त्याची तऱ्हा. डंगनला शब्दांचा आधार घेता येत नव्हता, म्हणून त्याला दृश्यातच अर्थ शोधावा लागला. 'मीरा'च्या वेळी एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या चेहऱ्यावर प्रकाश कसा पडावा, हे ठरविण्यासाठी त्याने आणि छायालेखक जितेन बॅनर्जी यांनी त्यांचा प्लॅस्टरचा अर्धपुतळा करवून घेतला आणि त्याच्यावर निरनिराळ्या कोनांतून दिवे टाकून पाहिले. भक्तीचे तेज ही आपण अंतरीची गोष्ट मानतो. पडद्यावर मात्र ती दिव्याची जागा आणि भिंगाचा कोन यांतून सिद्ध करावी लागते.

'सती लीलावती'त पोलिस इन्स्पेक्टरच्या एका लहानशा भूमिकेत एक नवखा नट प्रथमच पडद्यावर आला. त्याचे नाव एम. जी. रामचंद्रन. हे नाव आपण लक्षात ठेवू. त्याच्याकडे आपल्याला पुन्हा यावयाचे आहे.

ज्या वर्षी 'मीरा' प्रदर्शित झाला, त्याच १९४५ साली मद्रासच्या सेंट्रल पॉलिटेक्निकमध्ये चित्रपटतंत्राचा अभ्यासक्रम सुरू झाला. स्वातंत्र्याच्याही आधी एखाद्या सरकारी संस्थेने चित्रपटाचे शिक्षण हाती घ्यावे, ही साधी गोष्ट नव्हती. पुढे 'अड्यारची इन्स्टिट्यूट' म्हणून ती नावारूपाला आली. पण तिचा जन्म तंत्रनिकेतनात झाला, हे ध्यानात घ्यावयास हवे. आरंभीचे विषय होते छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण. भिंगांचे गुणधर्म, फिल्मची संवेदनक्षमता, रसायने, विद्युत्, ध्वनियंत्रे यांचे शास्त्र तेथे शिकविले जाई. हे ज्ञान अत्यावश्यक होते, आणि पूर्वी जे वशिल्याने किंवा नात्याने मिळे, ते आता प्रवेश मिळालेल्या कोणाही मुलाला मिळू लागले. कारागिरीचे दार उघडले, हे या शाळेचे मोठे श्रेय. परंतु यंत्र कसे चालते, हे सांगणे आणि चित्र काय बोलते, हे सांगणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट दिग्दर्शन, संकलन हे विषय पुढे आले तेव्हा वर्गात शिरली. तोवर ती स्टुडिओतील उमेदवारीवरच सोडलेली होती.

ही उणीव इतरांनाही जाणवत होती. स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चित्रपट चौकशी समितीने १९५१ साली आपला अहवाल दिला. शांताराम हे तिचे एक सभासद होते. चित्रपटकलेचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था असावी, अशी तिची शिफारस होती. १९५५ साली मारी सेटन या इंग्रज विदुषी केंद्र सरकारच्या निमंत्रणावरून आल्या आणि चित्रपट कसा पाहावा, यावर त्यांनी ठिकठिकाणी व्याख्याने दिली. १९५७ साली मद्रास फिल्म सोसायटी स्थापन झाली. १९६० साली पुण्यात, बंद पडलेल्या 'प्रभात'च्याच आवारात, फिल्म इन्स्टिट्यूट निघाली. आणि १९६३ पासून तेथे प्रा. सतीश बहादुर चित्रपट-रसास्वाद शिकवू लागले. त्यांची पद्धत साधी होती आणि कष्टाचीही. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' घ्यावयाचा आणि एखादी ओवी जशी पदापदाने उलगडावी, तसा तो शॉटाशॉटाने उलगडावयाचा. अर्थ शिक्षकाने सांगावयाचा नाही. हा शॉट येथे का, आधीच्या शॉटनंतर का, असे विचारीत तो विद्यार्थ्याकडून काढून घ्यावयाचा.

या पुणेरी शाळेतून बाहेर पडलेले बालू महेंद्र यांनी मद्रासला आपली कर्मभूमी केली. त्यांचा १९८२ चा 'मून्ड्राम पिरै' हा तमिळ चित्रपट मराठी प्रेक्षकांना 'सदमा' या हिंदी रूपात परिचित आहे. त्याचा शेवट वर्गात शिकविण्याजोगा आहे. स्मृती गमावून लहान मूल झालेल्या तरुणीला हसविण्यासाठी नायक घरात माकडासारख्या उड्या मारून दाखवीत असतो, तेव्हा ती दोघे एकत्र असतात आणि आपण हसतो. शेवटी तिला स्मृती परत येते आणि मधला काळ ती विसरते. ती आगगाडीच्या डब्यात आहे, तो पावसात फलाटावर आहे, आणि ओळख पटावी म्हणून तो त्याच माकडचेष्टा करतो आहे. आता मध्ये खिडकीची चौकट आली आहे. त्या चौकटीतून ती पाहते ती एका वेड्याकडे. चेष्टा त्याच, नट तोच. स्थान बदलले आणि हास्याचा शोक झाला. कुलेशोव्ह यांनी प्रयोगशाळेत जे दाखविले, ते बालू महेंद्र यांनी निलगिरीतील एका लहानशा स्थानकावर दाखविले. उत्तरायुष्यात चेन्नईत त्यांनी 'सिनेमा पट्टरै' नावाची शाळा काढली. पट्टरै म्हणजे कारागिराची कार्यशाळा. २०१४ साली ते निवर्तले.

अड्यारच्या संस्थेचेही विद्यार्थी मागे नव्हते. तेथे शिकलेल्या पी. सी. श्रीराम यांना मणिरत्नम यांच्या 'नायकन्' (१९८७) या चित्रपटाच्या छायालेखनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपल्या मुंबईची धारावी त्यासाठी मद्रासच्या स्टुडिओत उभारली गेली होती. वरून येणाऱ्या मंद उजेडात नायकाचा चेहरा अर्धा दिसतो, अर्धा झाकला जातो. आणि हा माणूस चांगला की वाईट, या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाला सहजी मिळू नये, अशी व्यवस्था त्या उजेडानेच केलेली आहे.

येथवर आपण कारागिरांचे शिक्षण पाहिले. पण श्रोतेहो, मद्रासच्या इतिहासाची खरी शिकवण याहून पुढची आहे. १९५२ साली 'पराशक्ती' हा चित्रपट आला. संवाद मु. करुणानिधी यांचे होते, आणि न्यायालयातील आरोपीच्या पिंजऱ्यातून शिवाजी गणेशन यांनी केलेले भाषण तमिळ घराघरात पाठ झाले. १९६७ साली नाटक आणि चित्रपट यांसाठी लेखन केलेले अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. त्यांच्यानंतर करुणानिधी आले. १९७७ साली, डंगनच्या चित्रपटात इन्स्पेक्टर झालेले रामचंद्रन आले. पुढे जानकी रामचंद्रन आणि जयललिता आल्या. ही सर्व माणसे पडद्याच्या जगातून आलेली. त्यांच्या मागे विचार होता, संघटना होती, लोककल्याणाची कामे होती. लोकांनी केवळ कॅमेऱ्याला भुलून मते दिली, असे म्हणणे हा त्या प्रांताच्या सुबुद्ध मतदारांचा अपमान होईल. तथापि पडद्यावर खालून पाहिलेला, उजेडात उभा राहिलेला, गर्दीच्या दूरच्या शॉटनंतर एकट्याच्या क्लोज-अपमध्ये आलेला पुरुष हा त्राता वाटू लागतो, ही गोष्ट भारतात कोठे सर्वाधिक प्रत्ययास आली असेल, तर ती तेथे. आज तरमणी येथील ती सरकारी चित्रपटसंस्था रामचंद्रन यांचेच नाव धारण करते. कोणत्या कोनातून माणूस मोठा दिसतो, हे जेथे शिकवावयाचे, त्या शाळेला अशाच रीतीने मोठ्या झालेल्या माणसाचे नाव असावे, हा योग अर्थपूर्ण आहे.

याचा अर्थ एवढाच, की कॅमेऱ्याची भाषा केवळ ती बोलणाऱ्यांना शिकवून भागत नाही. लिहिणारे शंभर आणि वाचणारे कोट्यवधी, अशी जिथे स्थिती आहे, तिथे वाचनाचे शिक्षण अधिक निकडीचे. आणि आता तर प्रत्येक घरात हातात मावणारा कॅमेरा आहे. शाळकरी मूलही चित्रे टिपते, जोडते आणि जगाला दाखविते. अक्षरे गिरविण्याआधी ते बोलू लागावे तसे हे झाले आहे. त्याच्यापुढे रोज शेकडो शॉट येतात, आणि त्यांतील प्रत्येक कोणीतरी, कोठेतरी उभे राहून, काही हेतूने घेतलेला असतो.

म्हणून सुचवावेसे वाटते, की माध्यमिक शाळेत जशी आपण वर्षाला काही कविता शिकवितो, तसा वर्षाला एक चित्रपट शिकवावा. त्याला मोठी सामग्री नको. पाच मिनिटांचा एक प्रसंग निवडावा. प्रथम आवाज बंद करून तो दाखवावा आणि मुलांना शॉट मोजावयास सांगावे. मग तीन प्रश्न विचारावेत. कॅमेरा कोठे उभा आहे? या शॉटच्या आधी काय दिसले आणि नंतर काय दिसले? आणि चौकटीच्या बाहेर काय ठेवले आहे? पहिल्या प्रश्नातून मुलाला कारागिरी कळेल, दुसऱ्यातून अर्थ कळेल. तिसरा प्रश्न सर्वांत मोलाचा. कारण जे दाखविले नाही, त्याची चौकशी करण्याची सवय ही नागरिकत्वाची पहिली पायरी आहे.

मुदलियार मद्रासहून पुण्याला गेले, रामनाथ 'प्रभात'च्या दारी आले, 'प्रभात'च्या आवारात शिकलेले बालू महेंद्र मद्रासला गेले. पुस्तके आणि पदव्या येण्यापूर्वीपासून या विद्येने आपल्या दोन प्रदेशांना जोडले आहे. चित्र घडविणाऱ्यांनी ती एकमेकांच्या हातून उचलली, जपली आणि वाढविली. चित्र पाहणाऱ्यांच्या हाती ती देण्याचे काम मात्र अजून बाकी आहे, आणि त्याला स्टुडिओ लागत नाही. एक वर्ग, एक पडदा आणि प्रश्न विचारणारा एक शिक्षक एवढे पुरे आहे.